प्रश्नमंजुषेची तयारी: सुरुवात कुठून करायची?

सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून पाठ करायला घेऊ नका. आठवड्यात सगळी उत्तरं एकमेकांत मिसळतात. रोज दहाच गोष्टी घ्या, पण प्रत्येकीचं कारण शोधा.

सनावळीत नवखे हमखास घसरतात ते शकावर. शकात 78 मिळवले की इसवी सन, एवढंच लक्षात ठेवलेलं असतं. राज्याभिषेक शके 1596, म्हणजे 1674, बरोबर. शिवजन्म मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. इथे 78 मिळवले तर 1629 येतं आणि गुण जातो. शक बदलतो चैत्रात, म्हणून 1 जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवायचे: 1630. हे एकदा कागदावर करून बघाच, फार मजा येते.

बाकी सध्या एवढंच:

- पुराणकथा कोणत्या ग्रंथातली, ते आधी बघा. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या मूळ रामायणात नाही.
- विज्ञानात एकक वाचा. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे.
- अजिंठा-वेरूळ एका दमात म्हणू नका. अजिंठ्याची लेणी बौद्ध. वेरूळला बौद्ध, हिंदू, जैन तिन्ही.

चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवा, तीन दिवसांनी पुन्हा सोडवा. राजधान्यांच्या लांबलचक याद्या पहिला महिनाभर बाजूलाच राहू द्या.