लेकीला लेझरमध्ये संशोधन करायचंय

प्रश्न : मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर, एवढाच आमचा आधार. तिला फेमटोसेकंद लेझरवर पीएचडी करायची आहे. नातेवाईक म्हणतात, बीएड करून लग्न लावून द्या. घरून किती वर्षं पैसा लावावा लागेल? मराठी माध्यमाच्या पोरीचा निभाव लागेल का?
– एक वडील, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पैशाचं आधी सांगते. एमएस्सीची दोन वर्षं घरून बघावी लागतील. त्यानंतर नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली, तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. हप्ते कधीकधी रखडतात, तेवढी तयारी ठेवा. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग बहुधा परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं काही वर्षांचं संशोधनाचं काम. पक्की नोकरी तिशी उलटल्यावरच, आणि जागा थोड्या. तोवर पाहुणे स्थळं आणत राहतील. त्यांना तुम्हालाच थोपवावं लागेल, तिला एकटीला ते जमायचं नाही.

आता तिला यात काय दिसलं, ते. एक फेमटोसेकंद म्हणजे एक सेकंद भागिले एकावर पंधरा शून्यं. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्यात केसाच्या जाडीचा शंभरावा भागही ओलांडत नाही. रेणूतले बंध तुटतात-जुळतात ते याच वेगाने, म्हणून ते टिपायला इतका छोटा झोत लागतो. पण असा झोत तसाच वाढवत नेला, तर तो वाढवणाऱ्या यंत्रालाच जाळतो. १९८५ साली डोना स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मूरू यांनी झोत आधी लांबवला, मग वाढवला, शेवटी परत दाबला. डोनाबाई तेव्हा रॉचेस्टरला पीएचडी करत होत्या. २०१८ चं नोबेल दोघांना त्याच कामासाठी मिळालं. डोळ्याच्या ऑपरेशनात बुबुळाचा पातळ पापुद्रा कापणारा लेझर याच जातीचा.

मी आर्वीकडची, मराठी शाळेतली. सुरुवातीला एकेक इंग्रजी पेपर वाचायला आठवडा जायचा. वाचत गेले तसं जमलं. इंग्रजीपेक्षा गणित कच्चं राहिलं तर जास्त अडतं. आणि हाताला सबुरी हवी. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा झोत बीबीओ नावाच्या पातळ स्फटिकातून सोडायचा आणि स्फटिकाचा स्क्रू अगदी किंचित फिरवत राहायचा. सकाळ सरते, कार्डावर काहीच नाही. मग कोन जुळतो, स्फटिकात तरंगलांबी निम्मी होते आणि पांढऱ्या कार्डावर ४०० नॅनोमीटरचा निळा-जांभळा ठिपका उमटतो. हे मला आजही दुसऱ्या कशापेक्षा जास्त आवडतं. कापूस वेचणारी पोर या सबुरीत कमी पडणार नाही.

तिला आत्ताच दोन कामं सांगा. जाम, म्हणजे आयआयटीसारख्या ठिकाणी एमएस्सीला जायची प्रवेश परीक्षा, तिचे फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात. तिसऱ्या वर्षात ती परीक्षा द्यायची, तर तयारी यंदाच धरावी. दुसरं, बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आणखी दोन अकादम्यांच्या जोडीने उन्हाळी फेलोशिप देते; अर्ज उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी करावा लागतो. मुंबईचं टीआयएफआर आणि इंदूरचं राजा रामन्ना केंद्र या संशोधन संस्था, दोन्हीकडे हे लेझर आहेत. अशा ठिकाणी दोन महिने काढले की हे काम आपलं आहे की नाही, हे तिचं तिलाच कळेल.

आणि लॅबमध्ये जाताना बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. ८०० नॅनोमीटरचा झोत डोळ्याला जेमतेम फिकट लाल दिसतो, पण बांगडीवरून उसळून डोळ्यात गेला तर पडदा जळतो. लेझरपासून डोळे वाचवणारा खास चष्मा घातल्याशिवाय टेबलाजवळ उभं राहू नको म्हणा, सोबतचे कितीही बिनधास्त वावरत असले तरी.