गाठी झाल्या, आता काय?

प्रश्न: हायलुरॉनिक अ‍ॅसिडची (त्वचेत ओलावा धरून ठेवणारा घटक) पावडर आणून घरी सीरम करायला घेतलं. पाण्यात टाकताच गोळे झाले, ढवळून हात दुखला तरी विरघळेनात. वरचं पाणी तेवढं लावून पाहिलं, तर त्वचा ओढल्यासारखी वाटली. सगळं फेकून देऊ का?

उत्तर: फेकू नका! माझंही पहिलं भांडं असंच गोळ्यांनी भरलं होतं. मी चमचा आपटत बसले, नि वैतागून झाकण लावून फ्रिजमध्ये ढकललं. सकाळी पाहते तर काचेसारखं नितळ जेल. गोळ्याचा बाहेरचा थर पाणी पिऊन चिकट होतो नि आतली पावडर कोरडीच राहते. तिला वेळ द्यावा लागतो, जोर नव्हे. पुढच्या वेळी 99 ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यावर 1 ग्रॅम पावडर चिमटीचिमटीने भुरभुरा. चमच्याने मोजू नका, ही पावडर फार हलकी असते. छोटा डिजिटल काटा घ्या. अंदाजाने जास्त पडली की सीरम चिकट होतं नि वाळल्यावर ओढ बसते. तुमचं तेच झालं असावं. शिवाय ते ओलसर चेहऱ्यावर लावून वर लगेच क्रीम लावायचं असतं.

आणि हो, प्रिझर्व्हेटिव्ह घातलंत का? त्याबद्दल तुम्ही अक्षर लिहिलेलं नाही. नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. पाणी आलं की जंतू आले, आणि वास येण्याआधीच ते वाढलेले असतात.