वाचक विचारतात: धुकं मळकट का होतं?

प्रश्न: खानापूरला मलप्रभेकाठचं पहाटेचं धुकं जलरंगात करतो. उदास व्हायचं ते नुसतं मळकट होतं. काय करू?

उत्तर: आधी तो काळा रंग पेटीतून बाहेर काढा! करडा हवा तर अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. इम्प्रेशनिस्ट चित्रकार सिस्लेनं १८७६ साली पॅरिसजवळच्या पोर्ट-मार्लीतला सीन नदीचा पूर रंगवला. दारूविक्रेत्याचं घर पाण्यात उभं, पण चित्रात आरडाओरडा नाही. सगळा भाव त्या मोठ्या ढगाळ आकाशाचा. तुम्ही बहुतेक आकाशाला चार बोटं जागा देता. (सगळेच देतात.) पलीकडच्या काठाची झाडं ओल्या कागदावरच सोडा, कडा विरघळू द्या. ठसठशीत रेघ एकच, अलीकडच्या काठावर. पावसाळ्यात मात्र पाणी निळं करू नका. आपल्याकडे ते जांभ्या मातीनं लालसर असतं.