सांगलीत हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेल्याला स्ट्रिंग क्वार्टेट बसवता येईल का? आणि ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरचं रोजचं काम नेमकं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं बैठकीच्या पद्धतीनं व्हायोलिन वाजवता, सांगली-मिरजेतले आणखी तिघं तयार आहेत आणि पुढे कंडक्टिंगकडे वळायचा विचार आहे. माझं सरळ मत सांगतो: आधी क्वार्टेट करा, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या स्वराचं) आणि एक चेलो (गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य). कंडक्टरला लागणारा कान आणि शिस्त चौघांच्या वादनात तयार होते. तिथे पुढे उभं राहून हात दाखवणारं कोणी नसतं, त्यामुळे प्रत्येकाला सगळ्यांचं ऐकावंच लागतं.

पहिली अडचण वाद्य लावण्याची. तुमचं व्हायोलिन सा-प-सा-प असेल, गायकाप्रमाणे षड्ज बदलत असेल. क्वार्टेटमध्ये तारा कायमच्या ठरलेल्या, पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर खालून पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. व्हायोला त्याच्या पंचमभर खाली, म्हणजे पांढरी एक, पाच, दोन, सहा. चेलो व्हायोलाच्या एक सप्तक खाली. वर्षानुवर्षं चढवून-उतरवून थकलेल्या तारांवर हे करू नका, नवा सेट घाला. तार एकेक करून बदला. चारही एकदम काढल्या तर आतला साउंडपोस्ट (पोटातली छोटी लाकडी दांडी) पडतो, कारण तो चिकटवलेला नसतो, ताणावर उभा असतो. ट्यूनरवर पांढरी सहा 440 हर्ट्झला ठेवा, घरच्या पेटीवर विसंबू नका.

आता महत्त्वाची गोष्ट. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो पेटीच्या गंधारापेक्षा उतरलेला असतो. अर्ध्या स्वराचे 100 भाग केले, तर हा फरक सुमारे 14 भागांचा. मिरजेच्या जवारीदार तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तो लगेच कळतो, आणि क्वार्टेटमध्ये हाच कान लागतो. चौघांचा मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) लांब धरला असेल तेव्हा ज्याच्याकडे गंधार असेल त्यानं तो तानपुऱ्यातला लावायचा, म्हणजे कॉर्ड उघडतो.

पण इथे एक खोच आहे. चेलोच्या सगळ्यात खालच्या पांढरी एकपासून शुद्ध पंचमांनी वर चढत व्हायोलिनच्या पांढरी तीनपर्यंत गेलात, तर ती तार या गंधारापेक्षा सुमारे 22 भाग चढी निघते. म्हणजे प्रत्येकानं आपापलं वाद्य अगदी सुरेल लावलं तरी मोकळ्या तारा एकमेकींशी भांडतात. म्हणून क्वार्टेटवाले पंचम किंचित आकसून लावतात, त्यामुळे चेलोची खालची तार जराशी चढी राहते. वाजवण्याआधी चेलोची ती तार आणि पहिल्या व्हायोलिनची वरची तार एकत्र ऐकून बघा. ज्या कॉर्डमध्ये वरचा स्वर गंधार असेल तिथे मोकळी तार टाळून बोटानं वाजवा. नव्या चौकडीचं "बेसूर" बहुतेक वेळा इथेच असतं, आणि लोक उगाच बोटांना दोष देत बसतात.

सुरुवातीला मोझार्टचं के. 136 (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) हे डी मेजरमधलं, म्हणजे पांढरी दोनला षड्ज मानणारं डायव्हर्टिमेंटो, एक हलकीफुलकी रचना, घ्या. 1772 सालचं आहे, चार तंतुवाद्यांवर बसतं. पहिल्या भागात पहिल्या व्हायोलिनला धावपळ आहे, म्हणून मधला अँडान्टे, म्हणजे संथ भाग, आधी करा. तीन मात्रांचा, जी मेजरमध्ये. पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद, इंटरनेटवर मोफत मिळतात, पण चौघांचे एकाच आवृत्तीचे असू द्या. तालमीआधी प्रत्येक मापाला (कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधल्या भागाला) क्रमांक टाका आणि चौघांचे ताडून पाहा. "बेचाळिसावं माप" म्हटल्यावर दोघं एकीकडे आणि दोघं भलतीकडे, यात तालमीचा किती वेळ जातो याची कल्पना येणार नाही. बो (गज) कुठे खाली, कुठे वर, हे पहिल्या व्हायोलिननं पेन्सिलीनं लिहून बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं. शाईचं पेन अजिबात नको, कारण हे दर तालमीला बदलतं.

बसताना चेलो आणि व्हायोला यांची जागा विचार करून ठरवा. व्हायोला अगदी कडेला बसला तर त्याची छिद्रं प्रेक्षकांपासून उलटी वळतात आणि आधीच मऊ असलेला आवाज मागे जातो. सुरुवात मोजून करू नका. पहिल्या व्हायोलिनचा श्वास आणि बो उचलणं त्याच लयीत असेल तर बाकीचे तिघं बरोबर पडतात. श्वास सावकाश आणि वादन जलद, असं झालं की पहिलं मापच फाटतं.

मींडेची सवय आवरावी लागेल. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना आपलं बोट नकळत वाट दाखवतं. एकट्यात ते गोड लागतं, चौघांत त्यानं कॉर्ड बसायला उशीर होतो. सगळ्यात जास्त वेळ मात्र खुर्चीवर बसून, हनुवटीखाली वाद्य धरून डाव्या हाताची जागा बदलायला शिकण्यात जाईल. बैठकीत पायावर टेकवलेलं वाद्य स्थिर असतं, हनुवटीखालचं नसतं. एवढ्यासाठी तरी पाश्चात्त्य पद्धतीचा गुरू हवाच.

आता कंडक्टर. लोकांना तो ताल देणारा वाटतो. तबलजी ठेका धरतो तसं त्याचं काम नाही. त्याला जे हवं ते वाजण्याआधी दाखवावं लागतं. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात घ्या. मापाचे चार भाग धरले तर पहिला रिकामा, पुढचे तीन छोटे स्वर, आणि पुढच्या मापात थांबलेला लांब स्वर. बेथोव्हेननं दिलेली लय मिनिटाला 108 मापांची आहे, म्हणून हात मापाला एकदाच पडतो. कंडक्टरनं त्याच लयीत एकच तयारीचा हात द्यायचा आणि सम रिकामी सोडायची. घाबरून "एक-दोन" असे दोन हात दिले की निम्मे वादक पहिल्या हातावर येतात. लांब स्वर दुसऱ्या वेळी एका मापानं अधिक लांब आहे, तो तोडणारा हातच पुढच्या प्रवेशाची तयारी व्हायला हवा. नवशिके तोडतात, थांबतात, मग पुन्हा तयारी देतात, आणि संगीत तिथेच मोडतं.

हे हात आरशासमोर जमतात, पण काम त्याच्या कितीतरी आधी, स्कोअर (सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक लिहिलेली वही) घेऊन टेबलावर होतं. सगळी वाद्यं लिहिलेल्या स्वरात वाजत नाहीत. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर पांढरी एक असेल तर ऐकू येते काळी पाच. तालमीत "तुमचा स्वर चुकला" म्हणण्याआधी हे डोक्यात पक्कं लागतं. तालमीचा कार्यक्रमही कंडक्टरनंच आखायचा. पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोन (पितळी सुषिर वाद्यं) चौथ्या भागातच वाजतात. त्यांना सकाळपासून बसवून ठेवणारा कंडक्टर वादकांच्या मनातून उतरतो. आणि बोलणं कमी. कुठलं माप, कोण, काय हवं, एवढं सांगून पुन्हा वाजवायचं.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे, पण साठ-सत्तर वादकांमागे कंडक्टर एकच लागतो. बहुतेकांचं घर शिकवणीवर चालतं. कार्यक्रम त्याच्या जोडीला. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री मिरजेहून निघून सकाळी मुंबईत तालमीला पोचता येतं, हे खरं, पण बोलावणं यायला स्वरलिपीचं वाचन पक्कं हवं. तुमच्यापैकी एकानं व्हायोला घ्यावा आणि त्याची वेगळी अल्टो क्लेफ (कुठली रेघ कुठला स्वर हे सांगणारी खूण) शिकावी. व्हायोलिन वाजवणारे पुष्कळ, व्हायोलावाले शोधावे लागतात.

कार्यक्रम भावे नाट्यमंदिरासारख्या मोठ्या ठिकाणी करण्याआधी एखाद्या फरशीच्या दिवाणखान्यात, माईकशिवाय, पन्नासेक लोकांसमोर करा. पंखे चालू राहणार, तेव्हा कागद कपड्यांच्या चिमट्यांनी स्टँडला अडकवा आणि पान उलटायच्या जागा आधी ठरवा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सुटतात. त्यांना पेग पेस्ट (खुंट्यांना लावायचा खास लेप) लावा, जोर करून फिरवू नका. आणि व्हायोलिनची कड सुटली तर कुणालाही फेव्हिकॉल लावू देऊ नका. ही वाद्यं सरसानं जोडलेली असतात, पुढच्या दुरुस्तीला सांधा सहज उघडावा म्हणून. फेव्हिकॉल लागलं की तो सांधा लाकूड फोडल्याशिवाय सुटत नाही.