एकर विकण्याआधी दादाशी बोला

ताई,
मी २९ वर्षांची आहे. ओझरजवळच्या आमच्या गावात डोक्यावरून जाणारी सुखोई विमाने पाहत मी मोठी झाले आणि वैमानिक होण्याखेरीज दुसरे काही कधी मनात आले नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित होते, पण पैशांअभावी बी.एस्सी. करून नाशिकला बँकेत लागले. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक नाशिकमधल्याच गांधीनगरच्या लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्रातून हेलिकॉप्टर वैमानिक होऊन बाहेर पडल्याची बातमी वाचली आणि दाबून ठेवलेली इच्छा पुन्हा वर आली. आता वडील स्वतःहून म्हणतात, रस्त्यालगतचा एक एकर विकू, तू शीक. आई म्हणते, आधी लग्न. द्राक्षबाग दादा पाहतो; तो काहीच बोलला नाही. माझी बचत नऊ लाख आहे, आणि मला चष्मा आहे. माझे वय उलटून गेले का? वडिलांचे पैसे घेणे हा स्वार्थ ठरेल का?
– नाव प्रसिद्ध न करण्याच्या विनंतीवरून, नाशिक

वयाचे उत्तर आधी देते, कारण ते सरळ आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, किमान १८ वर्षे वय मागते. परवाना काढण्यासाठी कमाल वयाची अट नाही आणि व्यावसायिक उड्डाण ६५ व्या वर्षापर्यंत करता येते. प्रशिक्षण आणि नोकरीचा शोध यांत चार वर्षे गेली असे धरले, तरी तुमच्यापुढे तीस वर्षांहून अधिक काळ उरतो. काही विमान कंपन्या स्वतः उमेदवार निवडून त्यांना वैमानिक म्हणून घडवतात; त्या कॅडेट योजनांना मात्र वयाची मर्यादा असते, ती अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्या.

हवाई दलाचे दार तुमच्यासाठी बंद झाले आहे, हेही स्पष्टच सांगायला हवे. एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून उड्डाण शाखेत जाण्यासाठी वयोमर्यादा २४ वर्षांची आहे, व्यावसायिक परवाना असेल तर २६ ची. म्हणजे ज्या सुखोईमुळे ही इच्छा जागी झाली, ते विमान तुमच्या वाट्याला येणार नाही. तुम्ही आधी सेसनासारख्या दोन-चार आसनांच्या विमानात शिकाल आणि सारे जुळून आले तर पुढे एअरबस ३२० किंवा त्यासारखे प्रवासी विमान चालवाल. ते काम पहाटेच्या उड्डाणांचे, दर वेळी तीच चेकलिस्ट तितक्याच लक्षपूर्वक वाचण्याचे, हवामानाचा अहवाल नीट अभ्यासण्याचे आणि नियमात बसत नसेल तर परत फिरण्याचे आहे. माझ्या मते ते फार सुंदर काम आहे, पण लढाऊ विमानाहून वेगळे आहे. हेच काम तुम्हाला मनापासून हवे आहे का, हे स्वतःला एकदा विचारा.

उत्तर होकारार्थी असेल, तर जमिनीचा विषय काही महिने बाजूला ठेवा आणि ज्या गोष्टींना थोडा पैसा लागतो, पण ज्यांच्यावर सारे अवलंबून आहे, त्या आधी करा. पहिली गोष्ट वैद्यकीय तपासणी. डीजीसीएच्या यादीतील डॉक्टरांकडे आधी वर्ग दोनची तपासणी होते आणि त्यानंतर मान्यताप्राप्त केंद्रात वर्ग एकची. व्यावसायिक परवान्याला वर्ग एकचेच प्रमाणपत्र लागते. केवळ चष्मा आहे म्हणून कोणी अपात्र ठरत नाही; चष्म्यासह दृष्टी किती येते आणि रंग ओळखता येतात की नाही, हे पाहिले जाते. श्रवणशक्ती, हृदय, रक्त हेही तपासतात. पूर्वीचा कोणताही आजार लपवू नका. घरच्यांनी जमीन विकून झाल्यावर वर्ग एकमध्ये नकार मिळालेली मुले-मुली आहेत, आणि त्या घरांवर जे ओढवते ते तुमच्या घरावर येऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

दुसरी गोष्ट लेखी परीक्षांची. डीजीसीएकडून संगणक क्रमांक, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, घेऊन एअर नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल जनरल या विषयांचा अभ्यास नोकरी सांभाळून करता येतो. प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागतात. बँकेतून दमून आल्यावर रोज रात्री दोन तास नेव्हिगेशनची गणिते सोडवण्यात तुमचे मन रमते का, हे या अभ्यासातून जितके खरे कळेल तितके दुसऱ्या कशातून कळणार नाही. निदान दोन विषय सुटेपर्यंत राजीनामा देऊ नका आणि बचतीतला मोठा भागही मोडू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पत्रात तुम्ही ‘वडिलांचे पैसे घेणे’ असे लिहिले आहे. तो एकर वडिलोपार्जित असेल, तर त्याकडे त्या दृष्टीने पाहणे मला मान्य नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला आहे. आपल्याकडे लग्न झालेल्या बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी-चोळी करून त्यांची पाठवणी करतो आणि सगळ्यांना तेच रीतीचे वाटते. त्यामुळे शिकलेल्या, कमावत्या मुलीलाही आपलाच हिस्सा मागताना अपराधी वाटते. तुम्ही तसे वाटून घेऊ नये. जमीन वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली असेल, तर तिचे काय करायचे हा त्यांचा अधिकार आहे, आणि मग ही त्यांची देणगी ठरेल. दोन्हींत फरक आहे, म्हणून सातबारा आणि जुने फेरफार घेऊन एकदा वकिलाचा सल्ला घ्या.

मात्र हक्क तुमचा असला, तरी बाग दादाने राखली आहे. तुमच्या पत्रातले ‘तो काहीच बोलला नाही’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डावणी आणि भुरीसाठीच्या फवारण्या, ऐन काढणीत येणारा अवकाळी पाऊस, सोसायटीचे कर्ज, हे सारे त्याने अंगावर घेतले म्हणून तुम्हाला शहरात शिकता आले. शिवाय विकायला काढलेला एकर रस्त्यालगतचा आहे. मागच्या बागेकडे जाणारी वाट तिथूनच असेल, माल भरायला गाडी त्याच बांधावर लागत असेल, कदाचित पाण्याची पाइपलाइनही तिथूनच जात असेल. तो तुकडा गेल्यावर उरलेल्या बागेचे काय होईल, हे वडिलांपेक्षा दादाला अधिक कळते. तो गप्प आहे याचा अर्थ त्याने होकार दिला, असा कृपया घेऊ नका. वडिलांसमोर त्याला बोलता आले नसेल. बहिणीच्या शिक्षणाच्या आड येणारा भाऊ कोणाला व्हायचे असते?

म्हणून वडिलांशी पुढे काही बोलण्याआधी दादाला एकट्याला गाठा, बागेतच. त्याला परवानगी मागू नका आणि स्वप्नही पुन्हा सांगत बसू नका. ते त्याला माहीत आहे. कोणता तुकडा गेला तर बागेला सर्वांत कमी धक्का बसेल, हे विचारा. तुमच्या हिश्श्याची रक्कम हप्त्याहप्त्याने देऊन जमीन स्वतःकडे ठेवणे त्याला जमेल का, हेही विचारा. प्रशिक्षणाची फी एकदम लागत नाही, त्यामुळे ते अशक्य नाही. जे ठरेल ते नोंदणीकृत वाटणीपत्रात येऊ द्या आणि तुम्हाला मिळालेली रक्कम तुमच्या वाट्यात धरली आहे, असे त्यात स्वच्छ लिहा. अशाने त्याच्या मनातली उद्याची भीती जाईल आणि तुमच्या मनातला उपकाराचा भार हलका होईल.

तारणाबद्दलही सांगते. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेले की बँका साधारणपणे तारण मागतात, हे तुम्ही बँकेत असल्याने जाणताच. पण सगळी बाग तारण ठेवण्यापेक्षा आपल्या वाट्यापुरते विकणे मला अधिक योग्य वाटते. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे होत नाही; एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकही घरी बसले. नवा परवानाधारक वर्ष-दोन वर्षे थांबून राहिला, तर तोवर कर्जाचे हप्ते बागेच्या उत्पन्नातून, म्हणजे दादाच्या कष्टातून जातील. परवान्यासाठी ५० लाख किंवा त्याहून अधिक लागतात, आणि टाइप रेटिंगचा, म्हणजे एखाद्या ठरावीक प्रकारचे विमान चालवण्याच्या खास प्रशिक्षणाचा, खर्च वेगळा. दोन्ही धरूनच हिशेब मांडा.

प्रशिक्षणासाठी लांब जायची गरज नाही. धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया इथे सोय आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहा, आणि कार्यालयाइतकेच तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला: उडण्याच्या स्थितीत विमाने किती, प्रशिक्षक किती, महिन्याला प्रत्येकाला किती तास मिळतात. परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते आणि पावसाळ्यात ढग खाली आले की दिवसच्या दिवस विमान जमिनीवर राहते, त्यामुळे माहितीपुस्तिकेतल्या मुदतीवर विसंबू नका. संपूर्ण फी आधी मागणाऱ्या संस्थेत प्रवेश घेऊ नका.

आईला विरोधक समजू नका. वैमानिक मुलीला स्थळ कोण देणार, ही तिची धास्ती खरी आहे. पण भारतातील वैमानिकांत सुमारे १५ टक्के महिला आहेत, जगाच्या सरासरीहून पुष्कळ अधिक, आणि त्यांचेही संसार आहेत. लग्न आधी की नंतर, यावर तिच्याशी वाद घालू नका. स्थळे येऊ द्यात, आणि पहिल्याच भेटीत मुलाला व त्याच्या घरच्यांना स्वतः सांगा की पुढची दोन-तीन वर्षे प्रशिक्षणाची आहेत, त्यानंतर नोकरी कोणत्या शहरात मिळेल ते सांगता येत नाही आणि तुमच्या वाट्याची जमीन याच कामासाठी लागणार आहे. हे ऐकूनही जे मागे हटणार नाहीत, त्यांच्याशीच पुढचे बोलणे करा.