अँडरसन सिल्व्हाकडे यूएफसीचा (मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या फाइट्स भरवणारी कंपनी) चॅम्पियनचा बेल्ट किती वर्षं होता आणि शेवटी हरला कसा?
जवळपास पावणेसात वर्षं, आणि हरला तो स्वतःच्या नाटकांमुळे. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याने रिच फ्रँकलिनला क्लिंचमध्ये (अगदी जवळून मिठी मारल्यासारखं) पकडून गुडघ्यांनी फोडला आणि मिडलवेट या वजनगटाचा बेल्ट घेतला, मग १० वेळा तो राखला, अन् जुलै २०१३ ला क्रिस वाइडमनसमोर हात खाली सोडून चिडवत बसला तर दुसऱ्याच राउंडला नॉकआउट! ही फाइट एकदा बघाच, म्हणजे कळेल मी नाटकं का म्हणतोय. फक्त एक, डिफेन्स (बेल्ट राखलेल्या फाइट्स) मोजताना २००७ ची ट्रॅव्हिस लटरची फाइट धरू नका, सिल्व्हा जिंकला होता पण लटरचं वजन जास्त भरलं म्हणून ती टायटलसाठी धरलीच नाही.