रिप्लेसमेंट झाल्यावर

बाळ,

तुझा मेसेज रात्री दीडला आला तेव्हा मी जागाच होतो. पण अशा वेळी फोनवर बोललेलं सकाळी लक्षात राहत नाही, म्हणून लिहितोय. दोन महिने तू तालमी केल्या आणि नाटकाच्या दौऱ्याला तुझ्या जागी दुसरीच निघाली. राग आलाय, येऊ दे. संस्था मात्र इतक्यात सोडू नकोस.

ती ब्रिटिश नटी जुडी डेंच माहीत आहे ना? बॉन्डपटांतली ‘एम’ बाजूला ठेव, 1957 सालची बघ. बावीस वर्षांची, नाट्यशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली. खरं तर तिला नेपथ्यकार व्हायचं होतं. स्ट्रॅटफर्डला ‘किंग लिअर’चं नेपथ्य पाहिलं आणि असलं काही आपल्याला सुचणार नाही, असं वाटून तिनं तो नाद सोडला. लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहानं तिला पहिल्याच कामात थेट ‘हॅम्लेट’मधली ऑफेलिया दिली. समीक्षकांनी झोडपून काढलं. पुढे तेच ‘हॅम्लेट’ अमेरिकेच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा ऑफेलिया तिच्याकडून काढून दुसरीला दिली. डेंच तरीही दौऱ्यावर गेली, लहान कामं घेऊन. जिची रिप्लेसमेंट झाली तिनं त्याच मंडळींबरोबर गावोगाव हिंडायचं! मला नसतं जमलं. जमलं नव्हतंच, मी तुझ्या वयात तावातावानं बाहेर पडलो आणि पुढची तीन वर्षं मला कुणी विचारलं नाही.

ती टिकली. 1960 साली त्याच ओल्ड व्हिकमध्ये इटालियन दिग्दर्शक झेफिरेल्लीनं बसवलेल्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ती ज्युलिएट झाली.

तिच्या ‘मॅकबेथ’चं चित्रीकरण मिळालं तर जरूर बघ. नाटक 1976 चं, दिग्दर्शक ट्रेव्हर नन, मॅकबेथ इयन मकेलन, लेडी मॅकबेथ ती. प्रयोग पत्र्याच्या शेडसारख्या जागेत, नेपथ्य जवळजवळ शून्य, जमिनीवर एक वर्तुळ. ज्याचा प्रवेश नाही तो नट आत जात नाही, कडेला खोक्यावर बसून समोरचं बघत राहतो. लेडी मॅकबेथ झोपेत हात चोळत येते ना, त्याच्या आधी त्या बसलेल्या माणसांकडे बघ. विंगेत मोबाइल बघत बसणाऱ्या आपल्या पोरांना हे दाखवायला हवं.

‘शेक्सपिअर इन लव्ह’ सिनेमातल्या जेमतेम आठ मिनिटांच्या राणीच्या कामाला तिला ऑस्कर मिळालं, ते सगळेच सांगतात, म्हणून मी सांगत नाही. त्यापेक्षा हे ऐक: नजर अधू झाल्यापासून तिला संहिता वाचता येत नाही. कुणीतरी वाचून दाखवतं, ती ऐकून पाठ करते.

तुझे कान चांगले आहेत, हे मी पहिल्या वाचनालाच पाहिलं होतं. शनिवारी सहाला तालमीला ये. प्रॉम्प्टिंगला कुणी नाहीये. वही मी आणतो, पेन्सिल तू आण.

तुझा,
काका